निगेटिव्ह डब्यात पडून राहिली

संपादक साहेब, नमस्कार,

परवाच्या पुरवणीत बायकांच्या सिनेमावर लेख आला, चांगला होता पण त्यात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय दिग्दर्शिका पार गायब, म्हणून लिहितोय. १९७६ ला न्यूयॉर्कमध्ये चित्रकार फेथ रिंगगोल्ड, लेखिका मिशेल वॉलेस वगैरे बायकांनी मिळून सोजर्नर ट्रुथच्या नावाने फेस्टिव्हल भरवला, कृष्णवर्णीय बायकांच्या फिल्म्सचा हा पहिलाच मानला जातो. नाव पण कोणाचं, तर गुलामीतून स्वतः सुटून पुढे भाषणं गाजवणाऱ्या बाईचं!

मला जास्त लागतं ते दिग्दर्शिका कॅथलीन कॉलिन्सचं. १९८२ चा तिचा 'लूझिंग ग्राउंड', नायिका फिलॉसॉफीची प्रोफेसर, नवरा पेंटर, ना गुन्हेगारी ना झोपडपट्टी, मग काय, थिएटरच मिळालं नाही. १९८८ मध्ये ती कॅन्सरने गेली, वय फक्त ४६, आणि पुढे मुलीने निगेटिव्ह शोधून रिस्टोअर करून घेतली तेव्हा कुठे २०१५ ला लोकांनी तो थिएटरात बघितला. ज्युली डॅशचा १९९१ चा 'डॉटर्स ऑफ द डस्ट' निदान थिएटरात तरी लागला, असा देशभर रिलीज झालेला कृष्णवर्णीय बाईचा तिथला पहिलाच पूर्ण लांबीचा सिनेमा. तोही नव्वदचं दशक उजाडल्यावर, बोला आता!

पुढच्या पुरवणीत कॉलिन्सवर अर्धं पान तरी द्या.

आपला,
एक जुना वाचक