पिंगयाओला निदान एक मुक्काम हवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

चीनच्या सहलीत आम्हाला शान्शी प्रांतातलं पिंगयाओ जेमतेम तीन तास दाखवलं. तटबंदीसमोर फोटो, जेवण, की लगेच बस! १३७० साली बांधलेला हा सुमारे सहा किलोमीटरचा तट, आणि आत अजूनही नांदतं गाव. १९९७ पासून ते जागतिक वारसा आहे.

वेशीतल्या दगडांवर बैलगाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या आहेत. मी वाकून एकीत हात घातला, बोटं पार आत गेली. तेवढ्यात मार्गदर्शकाची शिट्टी वाजली. सगळ्यात हळहळ वाटली ती रिशेंगचांगची. मुळात रंगाचा व्यापार करणाऱ्या या पेढीने १८२३ च्या सुमारास हुंडीचा धंदा सुरू केला. चांदीच्या पेट्या वाहून नेण्याऐवजी व्यापारी एका गावी रक्कम भरून दुसऱ्या गावी ती उचलत. हुंडी खोटी निघू नये म्हणून तारखा आणि रकमा सांकेतिक चिनी अक्षरांत लिहीत. हे सारं पाहायला मिळाली वीस मिनिटं.

सहल कंपन्यांना कळकळीची विनंती: खरेदीचा एक थांबा गाळा, पण इथे एक रात्र ठेवा. दिवसाच्या बसेस गेल्यावर, लाल कंदील लागल्यावर त्या गल्ल्यांतून मला चालायचं होतं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका