शाईचं पॅड बाजूला सारणाऱ्या नानांना

आदरणीय नाना,

साष्टांग नमस्कार.

तालुक्याच्या कचेरीबाहेर, निंबाखाली, तुम्ही दस्त लिहायला बसता त्या पत्र्याच्या टेबलापुढून रोज शे-दीडशे माणसं जात असतील. त्यातली आम्ही कोण हे तुमच्या लक्षात राहिलं नसेल. ओळख पटावी म्हणून सांगते. गेल्या वर्षी फेब्रुवारीत एक म्हातारी बाई आली होती, डोक्यावरचा पदर दातात धरून बसलेली. सोबत मी, माझा भाऊ आणि आमची आई. ती बाई आमची फुई, म्हणजे आत्या. सख्ख्या भावाच्या घरची पायरी ती जवळजवळ पस्तीस वर्षं चढली नव्हती.

त्या दिवशी तुमचे आभार मानायचे राहून गेले. बोलायला गेले तर रडू आलं असतं, म्हणून तशीच निघाले. बोलता आलं नाही ते आज लिहिते आहे.

माझं बालपण खानदेशात, बोरी नदीकाठच्या गावात गेलं. कापसाचं गाव. दिवाळीनंतर आमच्या पुढच्या खोलीत कापूस छतापर्यंत रचलेला असायचा आणि आम्ही भावंडं त्याच्यावर उड्या मारून आईच्या शिव्या खायचो. भाव वाढेल म्हणून दादा, म्हणजे आमचे वडील, तो फेब्रुवारीपर्यंत ठेवायचे आणि घरभर बारीक तुसाची खाज सुटायची. गाव छोटं, ओटे एकमेकांना लागून. कोणाच्या घरी आज कोणती डाळ शिजली हेसुद्धा गल्लीला कळायचं. पण आमच्या घरात एक गोष्ट होती, ती ठाऊक सगळ्या गल्लीला होती आणि बोलत कोणीच नव्हतं. ओट्यावर बायकांचं बोलणं रंगात आलेलं असायचं, मी जवळ गेले की एकजण दुसरीला डोळ्यानं खुणवायची आणि विषय पापडावर जायचा.

आखाजीला हे सगळ्यात जास्त टोचायचं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आपल्याकडे लेकींचा सण. गल्लीत प्रत्येकाची फुई, प्रत्येकाची मोठी बहीण माहेराला आलेली. निंबाला झोके, गौराईची गाणी, दारोदारी सांजोऱ्यांचा वास. आमच्याही दारात झोका बांधला जायचा, त्यावर मी एकटीच बसायची. शेजारची मुलगी विचारायची, "तुमच्याकडे फुई येत नाही का गं?" घरी विचारलं तर दादा ताटावरून उठायचे. एकदा आजीनं एवढंच सांगितलं, "तिनं भावाला दारात उभं राहून शाप दिला. तिचं नाव काढायचं नाही." मी आठ वर्षांची होते. शाप देणारी फुई माझ्या डोक्यात किती वर्षं बसून होती, काय सांगू.

आणखी एक आठवतं. आई दर आखाजीला बाजारातून एक खण जास्तीचा आणायची. मावशीचा, मामीचा, माझा, आणि एक वर. "हा कोणाचा?" "राहू दे." तो खण तिच्या पेटीत तळाशी जायचा.

दादा २०२३ च्या डिसेंबरात गेले. पुढच्या आखाजीला त्यांच्या नावाची पहिली घागर भरायची होती. घागरीवर डांगर आणि सांजोरी ठेवून आई तशीच थांबली आणि आमच्याकडे न बघता म्हणाली, "घागर भरायच्या आधी हे ऐका. मग भरा."

सांगितलं ते असं. १९८५ साली आजोबा वारले. १९८६ च्या आखाजीला फुई माहेराला आली असताना दादांनी तिला सांगितलं, सोसायटीच्या कर्जाच्या कागदाला घरातल्या सगळ्यांचा अंगठा लागतो. तिनं विचारलं, काय लिहिलंय? दादा म्हणाले, भावावर भरवसा नाही का? तिचा हात धरला, पॅडवर दाबला, कागदावर टेकवला. तो कागद हक्क सोडल्याचा होता. चार वर्षांनी तिचा नवरा आजारी पडला, दवाखान्याला पैसे हवे होते, तेव्हा ती जमिनीच्या उताऱ्यावर नाव बघायला गेली. नाव नव्हतं. ती दारात आली. शाप वगैरे काही दिला नाही. "माझं नाव का काढलं?" इतकंच विचारलं, आणि दादांनी दार लावून घेतलं. आई आतल्या बाजूला उभी होती.

नाना, माझे वडील वाईट माणूस नव्हते. हे लिहिताना हात जड होतो. सालदाराच्या पोराची फी ते गुपचूप भरायचे. मला नर्सिंगला नाशिकला पाठवलं तेव्हा भाऊबंदांनी नावं ठेवली, तर त्यांनी कोणाला जुमानलं नाही. माझा हात हातात घेऊन पाटीवर 'अ' गिरवून घेणारे तेच होते. आणि बहिणीचा अंगठा धरणारा हातही तोच. या दोन गोष्टी माझ्या पोटात अजून एका जागी बसत नाहीत.

भाऊ दोन दिवस कोणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "फुईचं फुईला देऊन टाकू." मला वाटलं, अवघड होतं ते झालं. पण बाहेरचं जग पुढे उभं होतं. नातेवाईक म्हणाले, मेलेल्या माणसाची अब्रू कशाला उघड्यावर आणता, झाकली मूठ राहू द्या. कचेरीतल्या एका टेबलावरून आम्हाला चार वेळा परत पाठवलं, दर वेळी नवा कागद. एका वकिलांकडे गेलो, तर त्यांच्या कारकुनानं फुईकडे न बघता तिचं मनगट धरलं आणि अंगठा पॅडवर नेला. "आजी, हलू नका." कशावर अंगठा घेतोय, हे सांगायची गरजही त्याला वाटली नाही. फुईनं हात हिसकून घेतला आणि ती जिन्यावरून सरळ खाली उतरली. रिक्षात तासभर गप्प. मग म्हणाली, "तव्हय बी असाच हात धरेल व्हता." त्यानंतर ती कुठल्याही कचेरीत यायला तयार नव्हती. तुमच्याकडे तिला आणायला आम्हाला तीन महिने लागले.

तुम्ही आधी काय केलं, तर जुना कागद मागितला आणि तो मोठ्यानं वाचायला घेतला. आमच्यासाठी नाही, तिच्यासाठी. एक ओळ कागदातली, मग तीच ओळ अहिराणीत. "राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणतीही नशापाणी न करता" इथपर्यंत आलात आणि थांबलात. चष्मा वर केलात. "माय, तव्हय तू राजी व्हती का?" ती म्हणाली, "नही." "खुशी व्हती का?" ती म्हणाली, "माले माहीतच नही व्हतं." तुम्ही काहीच बोलला नाहीत, फक्त मान हलवलीत. अडतीस वर्षांत तिला हे विचारणारे तुम्ही पहिले, नाना.

मग तुम्ही आम्हाला समजावलंत की उताऱ्यावरचा फेरफार म्हणजे मालकीचा निकाल नसतो, आणि नोंदणी न केलेल्या असल्या कागदानं जमिनीतला हक्क सुटत नाही. बापाच्या पश्चात त्याच्या हिश्श्यात लेकीचा वाटा १९५६ च्या कायद्यापासूनच आहे. २००५ साली तर मुलगी वडिलोपार्जित जमिनीत जन्मापासून मुलासारखीच धनी झाली. म्हणजे ज्या आखाजीला फुईचा अंगठा घेतला, तेव्हा तिच्या हक्काचा कायदा तीस वर्षांचा होता. दिल्लीहून तो निघाला खरा, बोरीकाठी आमच्या ओट्यापर्यंत काही आला नाही. बाकी कागदपत्रांची हकिकत मी लिहीत नाही. ती तुम्ही केलीत, चोख केलीत, आणि लिखाईचे ठरले तेवढेच पैसे घेतलेत.

मला लिहायचं आहे ते वाटणीपत्र तयार झाल्यानंतरचं. तुमच्या मदतनीस मुलानं सवयीनं शाईचं पॅड उघडून फुईपुढे सरकवलं. तिचे खांदे आक्रसले, ते मी पाहिलं. तुम्हीही पाहिलं असणार. तुम्ही पॅडचं झाकण लावलंत, पॅड टेबलाच्या पार त्या टोकाला सारलंत आणि विचारलंत, "माय, तुले सही येस का?"

आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं, नाना. फुई मान खाली घालून म्हणाली, "येस. पन येळ लागस." नव्वदच्या दशकात साक्षरतेचे वर्ग गावोगाव रात्री भरायचे, त्यात ती दोन हिवाळे कंदील घेऊन जात होती. का, तर पुन्हा कोणी तिचा अंगठा धरू नये म्हणून. आणि शिकल्यावर तिची सही कोणी मागितलीच नाही. पांढरे केस आणि सुरकुतलेला हात बघून प्रत्येकानं पॅडच पुढे केलं. तिच्या रक्ताचे असून आम्हीही कधी विचारलं नाही.

तुम्ही खिशातला पेन काढून तिच्या हातात दिलात. "लागू दे येळ. माले काही घाई नही."

मागे रांग होती. ऊन टेबलावर आलेलं. कोणीतरी मागून ओरडलं, "नाना, आटपा!" तुम्ही वळूनही पाहिलं नाही, फक्त हात वर केलात. आणि तिनं लिहिलं. आधी स्वतःचं नाव, मग थांबली, मग वडिलांचं. आजोबांच्या नावातल्या जोडाक्षराशी अडली, तेव्हा तुम्ही सांगायला गेला नाहीत, मलाही डोळ्यानं गप्प केलंत. तिचं तिनं आठवून काढलं. चांगली सात-आठ मिनिटं गेली असतील. प्रत्येक पानावर सही लागते म्हटल्यावर मला वाटलं, आता थकेल. तर पदर नीट करून म्हणाली, "आन."

आत नोंदणीच्या मशीनवर सगळ्यांचेच अंगठे लागले. माझा, भावाचा, साक्षीदारांचा. तेव्हा ती हसली. "आते तुमना बी अंगठा!" तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. तिचं हसणं अगदी दादांसारखं आहे.

मी सरकारी दवाखान्यात नोकरी करते. रोज पंचवीस-तीस म्हाताऱ्या माणसांचे अंगठे घेते. घाई असते, लोक ओरडत असतात, आणि मीही कित्येकदा न विचारता मनगट धरलं आहे. आता आधी विचारते. दहातल्या दोन-तीन तरी म्हणतात, हो, येते सही. आणि मग त्यांची मान जी वर होते ना, नाना, तेव्हा मला तुमचं टेबल आठवतं. भलेपणा म्हणजे काहीतरी मोठं, खर्चिक असणार असं मी समजत होते. तुम्ही नुसतं थांबलात.

फुईनं वाट्याला दोन एकर घेतले, जास्त नको म्हणाली. पण तुकडा तिनं निवडला. बांधावर निंब आहे ना, तोच. लहानपणी तिचा झोका तिथंच असायचा. गेल्या आखाजीला ती चार दिवस आमच्याकडे राहिली. आईनं पेटी उघडून सगळे खण तिच्यापुढे मांडले. कित्येकांना कसर लागली होती. दोघी नणंद-भावजया बराच वेळ त्यांच्या घड्या उलगडत बसल्या होत्या, आम्ही कोणी आत गेलो नाही. दुपारी दादांच्या नावाची घागर भरली आणि घागरीपुढे पहिलं पाणी फुईनं सोडलं. काय म्हणाली ते आम्हाला ऐकू आलं नाही.

तुमचा पेन मात्र आमच्याकडेच राहिला आहे. गडबडीत तिनं तो स्वतःच्या चंचीत टाकला. मी म्हटलं पोस्टानं पाठवते, तर द्यायला तयार नाही. पुढच्या बाजाराच्या दिवशी स्वतः आणून देणार म्हणते, आणि सोबत कळण्याच्या भाकरीचं फडकं बांधून आणणार आहे. तेवढं निंबाखालची ती खुर्ची रिकामी ठेवा.

आपली,
फुईची भाची