काजव्यांच्या फोटोखाली वेळही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना संपत आला की भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडी, राजमाची इथल्या काजव्यांचे फोटो वृत्तपत्रांत झळकू लागतात. सादड्याच्या किंवा हिरड्याच्या झाडावर बुंध्यापासून शेंड्यापर्यंत हजारो पिवळसर हिरवे ठिपके, खाली गवतातही तसेच आणि वर तारे. असे फोटो बहुतेक वेळा खरे असतात, पण ते एका क्षणाचे नसतात. पंधरा-वीस मिनिटांत जेवढे काजवे चमकून गेले ते सगळे त्यात एकत्र आलेले असतात. हे फोटोखाली कुठेच लिहिलेले नसते. मग तेच दृश्य डोळ्यांनी दिसेल या आशेने शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. तसे काही दिसेना म्हणून लोक झाडावर टॉर्च मारतात, मोबाइलचा फ्लॅश उडवतात आणि होते नव्हते तेवढे काजवेही लुकलुकायचे थांबतात.

हे फोटो कसे निघतात ते कळले तर निम्मा गोंधळ मिटेल. काजव्याची एक चमक बहुधा सेकंदापेक्षाही कमी टिकते. त्यामुळे शटर (प्रकाश आत सोडणारा कॅमेऱ्याचा पडदा) दहा सेकंद उघडे ठेवा नाही तर तीस, त्या एका चमकेचा ठिपका तेवढाच उजळ उमटतो. त्याची उजळता ठरते अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र; ‘एफ’चा आकडा जितका लहान तितके ते मोठे) आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची क्षमता) यांवर. शटरचा वेळ वाढवला की ठिपक्यांची संख्या वाढते आणि मागचा उजेड वाढतो, बस्स. नवशिके नेमके इथेच फसतात. कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स एफ/५.६ वर असते, फोटो काळा येतो, म्हणून शटर दोन मिनिटांवर नेतात. आकाश राखाडी होते, झाड दिसू लागते, काजवे मात्र फिकेच राहतात. एफ/१.८ ची साधी ३५ किंवा ५० मिमी लेन्स त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. या कामात महागड्या कॅमेऱ्यापेक्षा अशी लेन्स जास्त उपयोगी.

सुरुवातीला एफ/१.८ ते २.८, आयएसओ १६०० ते ३२००, शटर २० ते ३० सेकंद आणि फाइल रॉ (कॅमेऱ्याने काहीही फेरफार न केलेली मूळ फाइल) ठेवावी. वीस मिनिटे शटर उघडे ठेवून एकच फोटो घेण्याच्या मोहात पडू नये. अठराव्या मिनिटाला वळणावरून एक हेडलाइट आला की सगळे मुसळ केरात! थोड्या-थोड्या वेळाच्या अनेक फ्रेम (सुटे फोटो) असतील तर तेवढी एक फ्रेम टाकून देता येते.

ट्रायपॉड उजेड असतानाच रोवावा. फोकसही तेव्हाच, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून, स्क्रीनवर बुंधा मोठा करून नक्की करावा. मग लेन्स मॅन्युअलवर टाकून फोकसच्या रिंगवर कागदी टेप लावावी. अंधारात ऑटोफोकस चाचपडतो, आणि त्याच्या मदतीला लागणारा कॅमेऱ्याचा छोटा दिवा काजव्यांना त्रास देतो तो वेगळाच. लेन्समधले स्टॅबिलायझेशनही बंद करावे. सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी, आकाशात निळसर उजेड उरलेला असताना, झाडाची एक स्वच्छ फ्रेम घ्यावी: एफ/५.६, आयएसओ २००, शटर काही सेकंद. पावसाआधीचा वारा फांद्या हलवत असतो, म्हणून चार-पाच फ्रेम घेऊन पाने स्थिर असलेली निवडावी. हाच पुढच्या फोटोचा पाया. त्यानंतर ट्रायपॉडला धक्का लागता कामा नये.

काजवे सुरू झाले की इंटरव्हलोमीटरवर (ठरावीक अंतराने आपोआप फोटो काढणाऱ्या सोयीवर) ३० ते ४० फ्रेम लावाव्यात. इथे एक खाचखळगा आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांत ‘३० सेकंद’ म्हणजे प्रत्यक्षात ३२ सेकंद असतात. इंटरव्हल (एक फ्रेम सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंतचा वेळ) ३१ ठेवला तर कॅमेरा एकाआड एक फ्रेम गाळतो. तो ३४ ठेवावा. ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ (फोटोतला नॉइज, म्हणजे दाणेदारपणा आणि खोटे ठिपके, कमी करणारी सोय) हेही बंद हवे, नाहीतर प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तेवढाच वेळ शटर मिटून बसतो आणि निम्मे काजवे हुकतात.

पण ते बंद केले की हॉट पिक्सेल (सेन्सरवरचे उगाच चमकणारे बिंदू) डोके वर काढतात. जूनच्या उकाड्यात, ओळीने फ्रेम घेऊन तापलेल्या सेन्सरवर ते हमखास येतात आणि लहान फोटोत थेट काजव्यांसारखे दिसतात. फोटो शंभर टक्के मोठा करून पाहावा. हॉट पिक्सेल एकाच चौकोनाचा, कडक कडेचा, लाल, निळा किंवा पांढरा असतो आणि प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी सापडतो. काजव्याचा ठिपका पिवळसर हिरवा, कडेला विरघळलेला, आणि उडता काजवा असेल तर तुटक रेघेसारखा. लेन्सच्या अगदी जवळून गेलेल्या काजव्याची मोठी फिकट चकती उमटते. शेवटची फ्रेम झाल्यावर लगेच लेन्सला झाकण लावून त्याच शटर-आयएसओवर चार-पाच काळ्या फ्रेम घ्याव्यात. त्या वजा केल्या की हॉट पिक्सेल जातात.

संगणकावर हे सगळे फोटोशॉपच्या ‘लाइटन’ मोडमध्ये किंवा स्टारस्टॅक्स या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचले जातात. प्रत्येक जागी सगळ्या फ्रेमपैकी सर्वांत उजळ बिंदू तेवढा टिकतो. अर्थात नॉइजमधलाही सर्वांत उजळ बिंदूच टिकतो, म्हणून चाळीसच्या पुढे फ्रेम वाढवत गेले की काळोख करडा, दाणेदार होऊ लागतो. जास्त काजवे म्हणजे चांगला फोटो हा समज सोडलेला बरा.

ताऱ्यांवरून बरेच कळते. वीस मिनिटांत आकाश पाच अंश फिरते. त्यामुळे हजारो काजव्यांच्या फोटोत तारे टिंबासारखे असतील, तर आकाश एकाच फ्रेममधून घेतलेले आहे. त्यात लबाडी नाही, पण ते सांगायला हवे. सगळे ठिपके एकाच मापाचे आणि एकही पानाआड अर्धवट झाकलेला नाही, असा फोटो मात्र ब्रशने रंगवलेला असण्याची शक्यता दाट.

मोबाइलवाल्यांसाठी थोडक्यात: बऱ्याच फोनचा नाइट मोड अनेक फ्रेमची सरासरी काढतो आणि क्षणभर चमकलेला काजवा त्यात पुसला जातो. प्रो मोड (सेटिंग स्वतः ठरवता येणारा), छोटा ट्रायपॉड, १५ ते ३० सेकंद, आयएसओ ८०० ते १६००, तीन सेकंदांचा टायमर, फ्लॅश बंद. एसी गाडीतून काढलेल्या लेन्सवर दमट हवेत लगेच धुके धरते. बॅग अर्धा तास आधी, चेन न उघडता, बाहेर ठेवावी.

नर चमकून इशारा देतो, मादी बहुधा गवता-झुडपातून उत्तर देते. आपल्या उजेडात ही ओळखपाळख बुडते, आणि प्रौढ काजव्याचे आयुष्य थोड्याच आठवड्यांचे. तेव्हा स्क्रीनची उजळता सर्वांत कमी, फोटो दिसण्याचा प्रीव्ह्यू बंद, कॅमेऱ्याच्या लाल दिव्यावर काळी टेप. हाताशी उजेड लागलाच तर लाल कागद लावलेला मंद टॉर्च, तोही जमिनीकडे. आणि समोर छान गवत हवे म्हणून पायवाट सोडून आत शिरू नये. काजव्यांच्या अळ्या तिथेच, ओल्या जमिनीत गोगलगायी खाऊन वाढतात.

आपल्या छायाचित्र विभागाला विनंती एवढीच, की काजव्यांच्या फोटोखाली जागा आणि नाव याबरोबर एक ओळ आणखी द्यावी: ‘२५ सेकंदांच्या ३६ फ्रेम, एकूण १५ मिनिटे, झाडाची फ्रेम त्याच जागेवरून संध्याकाळी.’ फोटो पाठवणाऱ्याकडून एक मूळ रॉ फ्रेमही मागवावी. ज्याने फोटो स्वतः काढला आहे त्याच्याकडे ती असतेच. ती मिळेपर्यंत फोटो राखून ठेवावा. काजवे आणखी दोन-तीन आठवडे तरी असतात.

आपला,
एक निसर्ग छायाचित्रकार, नाशिक