तटाचे पोट सुटते ते पाण्याने: पुरातत्त्वमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय पुरातत्त्वमंत्री,
गोवा सरकार, पर्वरी.

महोदय,

मागणी आधीच सांगतो, म्हणजे पत्र अर्धवट वाचले तरी हरकत नाही. राज्याच्या ताब्यातल्या तट-बुरुजांच्या दुरुस्तीतून सिमेंट बाद करा, निविदेत चुन्याचे काम मोजमापासह लिहा आणि ते काम पावसाच्या तोंडावर सुरू होऊ देऊ नका.

आपला तट बाहेरून सगळा दगडी वाटतो. तो उसवला की खरा प्रकार दिसतो. दोन्ही अंगांना घडीव चिऱ्यांचे, म्हणजे जांभ्या दगडाचे थर, मधल्या पोकळीत चिऱ्यांच्या चिपा आणि तांबडी माती, आणि त्यात जेमतेम चुना. हे भरण कोरडे आहे तोवर शेकडो वर्षे जागचे हलत नाही. माथ्यावरचा कोबा, म्हणजे चुन्याचा कुटलेला थर, तडकला की पाणी आत उतरते, माती फुगते आणि तिचे बारीक कण सांध्यांतून बाहेर वाहून जातात. आत पोकळी, वर भार, आणि मग बाहेरचा थर पुढे सरकतो. गवंडी म्हणतात, भिंतीला पोट सुटले. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे दोन मीटर रुंद तटाच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे ६,००० लिटर पाणी. ते कुठून जाणार, हा दुरुस्तीतला पहिला प्रश्न. अंदाजपत्रकात मात्र पहिला आकडा चिऱ्यांचा असतो.

बांधणाऱ्यांना हे ठाऊक होते. आदिलशाहीच्या काळात मांडवीकाठचे एला शहर, म्हणजे आजचे जुने गोवे, तटा-खंदकाने वेढलेले होते. २५ नोव्हेंबर १५१० रोजी पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने ते जिंकले, आणि त्यानंतर शहर तटात मावेनासे झाले. मग भर पूर्वेकडे गेला, कारण तिसवाडी बेटाला धोका तिकडून होता. कुंभारजुवे खाडी ओहोटीत काही ठिकाणी पायी ओलांडता येई आणि तीच ठिकाणे राखायची होती, म्हणून बाणस्तारी, गवंडाळी या वाटांवर कोट आणि चौक्या उभ्या राहिल्या. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने खाडीतल्या जुव्याचा, म्हणजे सांत इस्तेव्हचा कोट घेतला, तेव्हा राजधानीपर्यंत मध्ये फारसे काही उरले नव्हते. पोर्तुगीज व्हाइसरॉयने आपला राजदंड सेंट झेवियरच्या शवपेटीवर नेऊन ठेवला, तो याच दिवसांत.

तोफा आल्यावर भिंतीचा घाटही बदलला. उंच आणि बारीक तट तोफेपुढे टिकत नाही, म्हणून बुरूज ठेंगणे, जाड, तिरक्या अंगाचे झाले आणि त्यांच्या पोटात मातीची भर आली. गोळा मातीत रुततो, भिंत वाचते. पण मातीने भरलेला बुरूज म्हणजे पावसाळ्यात पाण्याचा हौदच. म्हणून माथ्याला उतार, तटाबाहेर डोकावणारे दगडी पन्हळ आणि पायथ्याशी पाणी झिरपायला ठेवलेल्या फटी. त्या फटी दुरुस्ती करणाऱ्याला 'निखळलेला सांधा' वाटतात आणि तो त्या इमानेइतबारे बुजवून टाकतो! पुढच्या श्रावणात बुरूज मधोमध फाटला की दोष जुन्या बांधकामाचा.

छप्पर आणि देखभाल गेल्यावर चिऱ्याचे काम किती तग धरते, याचा हिशेब जुन्या गोव्यातच उभा आहे. सेंट ऑगस्टीनचे संकुल १८३५ मध्ये ओस पडले. १८४२ मध्ये, म्हणजे सातच वर्षांत, चर्चचे कमानी छत कोसळले. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग गेला. ४६ मीटरच्या त्या मनोऱ्याचा उरलेला अर्धा भाग आज पर्यटक बघतात. तिथे शत्रूची तोफ धडाडली नव्हती.

आता सिमेंटचे. चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि वाऱ्याला सोडतो. चुन्याचा सांधा चिऱ्यापेक्षा मऊ, म्हणून ओल सांध्यातून बाहेर पडते आणि झीज झालीच तर सांध्याची होते. सांधा पुन्हा भरता येतो. सिमेंटचा सांधा घट्ट बसतो, ओल आत कोंडते, क्षार चिऱ्यात साचून त्याचे तोंड भुसभुशीत करतात आणि चिरा झडत मागे सरतो. दहा-पंधरा पावसाळ्यांनी भिंतीजवळ जाऊन पाहा. मधमाशीच्या पोळ्यासारखी सिमेंटची जाळी पुढे आलेली आणि त्या जाळीच्या घरांमधले चिरे दोन-तीन बोटे आत गेलेले. सांधा शाबूत, दगड गायब. हे काम सुबक झाले म्हणून बिले मंजूर झालेली असतात, हा भाग वेगळा.

चुन्याचे काम कठीण नाही, पण त्याला सवड लागते. भाजलेल्या शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा चुना विझवून, चाळून, पाण्याखाली निदान तीन आठवडे मुरवायचा. तीन महिने मुरला तर उत्तम, लोण्यासारखा होतो. सांधेभरणीला एक माप चुना, तीन मापे वाळू. जिथे सतत ओल असते, जसे पायथा आणि खंदकाची बाजू, तिथे एक माप चुना, एक माप सुरखी (विटांची भुकटी), दोन मापे वाळू. सुरखीसाठी वीट जरा कमी भाजलेली हवी, काळवंडलेली नको. वाळूचे प्रमाण साधले तरी खाडीची वाळू खारी असते. गोड्या पाण्यात धुतल्याशिवाय ती वापरली तर सिमेंटने जे क्षार आले असते ते आपणच हातांनी आत घालतो. सांधा त्याच्या रुंदीच्या दुप्पट, निदान २५ मिलिमीटर खोल खरवडायचा, पाणी मारायचे, चुना दाबून भरायचा आणि ओले गोणपाट किमान दहा दिवस लटकत ठेवायचे. माथ्यावर ७५ ते १०० मिलिमीटर चुन्याचा कोबा, थापीने कुटलेला, ४० ला १ उताराचा. चिरे खाणीतून काढल्यावर एक मोसम उघड्यावर ठेवले तर ते वाळून कणखर होतात. ओल्याच चिऱ्याची घाई नको.

झाडांबाबत एकच सांगतो. तटातला पिंपळ ओढून काढू नका. मनगटाएवढे मूळ भरणात शिरलेले असते, त्याच्यासोबत चार चिरे बाहेर येतात. खोड तटालगत कापा, ताज्या कापावर लगेच तणनाशक ब्रशने लावा आणि मूळ मरू द्या. पुढच्या मोसमात मेलेले मूळ काढता येते. उरलेल्या पोकळीत पातळ चुना-सुरखी खालच्या भोकापासून सुरुवात करून थोडी थोडी सोडायची. वरून ओतली तर हवा अडते आणि मधला भाग पोकळच राहतो.

हंगामाचे गणित साधे आहे, तरी सगळी चूक तिथेच होते. चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून घट्ट होतो आणि त्याला कित्येक आठवडे लागतात. वित्तवर्षाच्या अखेरीस कार्यादेश निघाला तर काम एप्रिल-मेमध्ये होते आणि कच्चा चुना मिरगाच्या पहिल्या सरीने धुऊन जातो. मग कंत्राटदार म्हणतो, बघा, चुना टिकत नाही! निविदा चतुर्थीच्या आधी काढा, कार्यादेश दिवाळीपर्यंत द्या, सांधेभरणी नोव्हेंबर ते मार्चमध्ये उरका. एप्रिलनंतर ओले काम नको.

रेइश मागूशचा १५५१ चा किल्ला १९९३ पर्यंत तुरुंग होता. सरकार, वारसा जपणारी संस्था इनटॅक आणि हेलन हॅमलिन ट्रस्ट यांनी मिळून काम केले आणि तो २०१२ मध्ये लोकांना खुला झाला. म्हणजे एकट्या खात्याने सगळे उचलावे असे नाही.

एक काम अगदी स्वस्त आहे. तिसवाडीच्या पूर्व अंगाला तटाचे जे तुकडे झाडीत आणि रस्त्याकडेला दडलेले असतील, त्यांची पावसाळ्यानंतर एकदा पायी पाहणी करून प्रत्येकाचा फोटो, लांबी, उंची आणि नेमके ठिकाण सर्वेक्षण क्रमांकासह नोंदवा. १९७८ च्या गोव्याच्या प्राचीन स्मारक कायद्याखाली संरक्षण द्यायचे की नाही ते नंतर ठरवता येईल, पण नोंदच नसलेली भिंत रस्ता रुंदीकरणात कोणाच्या लक्षातही येत नाही. जिथे भेग दिसेल तिथे चुन्याने काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहा. काच तडकली तर भिंत हलते आहे.

आणि काम पाहायला जाणाऱ्या अभियंत्याच्या खिशात एक खिळा असू द्या. सांध्यावर खिळ्याने ओरखडा उमटला तर चुना, खिळा घसरला तर सिमेंट. बिलावर सही त्यानंतर.

आपले,
गोव्यातल्या चुनाकामाचे आणि तटबंदीचे काम जाणणारे काही नागरिक