तपकिरी रंग म्हणजे रोगाचा प्रसार नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरील बातम्यांत ‘गाठीत अमुक एन्झाइम जास्त, म्हणजे रोग पसरणार’ असे समीकरण वारंवार वाचायला मिळते. ते अपुरे आहे आणि रुग्णांना विनाकारण धास्ती लावते.

बहुधा विषय असतो एमएमपी-२ आणि एमएमपी-९ यांचा. ही एन्झाइम्स आतड्याच्या अस्तराखालच्या पातळ पटलातले चौथ्या प्रकारचे कोलॅजन (आधार देणारे प्रथिन) तोडतात, त्यामुळे कर्कपेशींना रक्तवाहिन्यांकडे आणि लसिकावाहिन्यांकडे वाट मिळते. इथवर बरोबर. पण पेशीतून ती सुप्त रूपात बाहेर पडतात. त्यांचा एक तुकडा छाटला गेला की कामाला लागतात आणि टिम्प नावाची प्रथिने त्यांना अडवतात. तपासणीसाठी गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवतात; त्याच्या ३-४ मायक्रॉन जाडीच्या कापावर, एन्झाइमला चिकटणाऱ्या अँटिबॉडीने येणारा तपकिरी रंग सहसा सुप्त आणि सक्रिय यांतला फरक सांगत नाही. तो जिलेटिन झायमोग्राफीत, म्हणजे एन्झाइम्स आकारानुसार वेगळी करून ती जिलेटिन कुठे तोडतात हे पाहणाऱ्या चाचणीत, कळतो: एमएमपी-९ चे सुप्त रूप ९२ किलोडाल्टन या रेणुभाराला दिसते, सक्रिय रूप त्याखाली. त्यासाठी ताजी, गोठवलेली ऊती हवी. फॉर्मलिनमधला नमुना चालत नाही.

शिवाय एमएमपी-९ चा मोठा वाटा गाठीत शिरलेल्या न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींचा असतो. व्रण पडलेल्या पृष्ठभागावरचा तुकडा घेतला, तर मोजली जाते ती मुख्यतः सूज. खरी लढाई गाठीच्या आत घुसणाऱ्या कडेवर चालते, आणि दुर्बिणीतून घेतलेल्या बायोप्सीत ती कड बहुधा येतच नाही. काढलेले आतडे न उघडता फॉर्मलिनमध्ये टाकले तर मधला भाग नीट मुरत नाही आणि तिथला रंग फसवा येतो.

ही एन्झाइम्स रोखणारी मारिमास्टॅटसारखी औषधे प्रगत कर्करोगात अपेक्षेला उतरली नाहीत. सांधे-स्नायूंच्या दुखण्याने रुग्ण मात्र हैराण झाले.

म्हणून शस्त्रक्रियेनंतरच्या अहवालात रुग्णाने आधी पाहावे ते हे: गाठ भिंतीत किती खोल गेली, किमान १२ लसिकाग्रंथी तपासल्या का, शिरांत शिरकाव आहे का, एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६ ही डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी चार प्रथिने शाबूत आहेत का. कडेवर सुट्या पडलेल्या पेशींचे पुंजकेही मोजलेले असावेत; ०.७८५ चौरस मिलिमीटरमध्ये १० किंवा अधिक असतील तर ते प्रमाण जास्त धरतात.

एन्झाइमची बातमी देताना ते गाठीच्या कोणत्या भागात, कोणत्या पद्धतीने मोजले, एवढी एक ओळ तरी छापावी, ही विनंती.

आपले,
ऊतितपासणीच्या क्षेत्रातील दोन वाचक