खात्यात नसलेले पैसे बँकेने काढले कसे?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

माझी आई ६८ वर्षांची, तिला गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला २,००० रुपये मिळतात. मध्यंतरी हयातीचा दाखला द्यायचा राहून गेला (चूक आमचीच, घरात आजारपण होतं) आणि पैसे यायचे थांबले. तेव्हा खात्यात ४० रुपये तेवढे होते. मग दाखला दिला, पणजीला दोन हेलपाटे झाले आणि सात महिन्यांनी चवथीच्या तोंडावर एकदाचे चार महिन्यांचे ८,००० जमा झाल्याचं कळलं, म्हणून माटोळीच्या (गणपतीच्या वर फळं-फुलं बांधतो ती) बाजाराला जाता जाता डिचोलीत बँकेत शिरलो, मशीनमध्ये पासबुक घातलं तर शेवटी शिल्लक ७,२१४. आई लगेच म्हणाली, अरे माझे चाळीस पण होते ना त्यात?

ओळ न ओळ वाचली तेव्हा उलगडा झाला. मिनिमम बॅलन्स नाही म्हणून दर महिन्याला १०० रुपये दंड, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११८. पहिल्या महिन्यात ४० चे झाले उणे ७८, मग उणे १९६, असं करत सातव्या महिन्याला उणे ७८६. आईने या सात महिन्यांत एक पैसा काढलेला नाही, म्हणजे खात्यात होते त्यापेक्षा जास्त पैसे काढले ते बँकेनेच, आणि सरकारने म्हातारीला दिलेल्या पैशांतून ते वसूल पण करून घेतले. काउंटरवर विचारलं तर उत्तर, "सिस्टिम कापते, आमच्या हातात नाय."

आता गंमत बघा. आमच्या वडिलांचा खाणीवर ट्रक होता. २०१२ ला खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभा, हप्त्यांचे चेक आधीच देऊन ठेवलेले, ते बाउन्स झाले तेव्हा घरी वकिलाची नोटीस आली होती, १३८ कलम. शिल्लक नसताना चेक दिला आणि नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे भरले नाहीत तर केस, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वडील त्या रात्री जेवले नाहीत, पुढे ट्रक मिळेल त्या भावाला विकून टाकला. कायदा आहे, मान्य. पण मग रिकाम्या खात्यातून बँकेने सात वेळा पैसे काढले त्याला कुठलं कलम?

नियम नाहीत असं पण नाही. रिझर्व्ह बँकेने २०१४ च्या नोव्हेंबरमध्येच सांगितलंय, लागू १ एप्रिल २०१५ पासून, की नुसत्या मिनिमम बॅलन्सच्या दंडापायी सेव्हिंग खातं उण्यात जाता कामा नये. दंड लावण्याआधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं, बॅलन्स भरायला एक महिना द्यायचा, आणि दंड जेवढे कमी पडतात त्याच्या ठरावीक टक्क्याने घ्यायचा. आम्हाला पत्र नाही की एसएमएस नाही. म्हणजे फार तर ते ४० गेले असते, ७८६ चा प्रश्नच येत नव्हता.

बाजारातले आमच्या ओळखीचे एक दुकानदार छाती फुगवून सांगतात, माझी २५ लाखांची ओडी आहे, ओडी म्हणजे ओव्हरड्राफ्ट, खात्यात नसले तरी तेवढे पैसे काढायची बँकेने दिलेली मुभा. त्यांचं उणे म्हणजे लिमिट आणि आईचं उणे म्हणजे थकबाकी! गरिबासाठी पण ओडी आहे म्हणा, जनधन खात्यावर १०,००० पर्यंत, त्यातले २,००० कसल्या अटी न घालता, पण ती वयाच्या ६५ पर्यंतच, आणि आमच्या शाखेत त्याबद्दल एक शब्द कोणी कधी बोललेलं मला तरी आठवत नाही.

मी लेखी तक्रार दिलीय. पोच द्यायलाच तयार नव्हते, "साहेब लंचला गेलेत", मग आई बाकड्यावर बसूनच राहिली माटोळीची पिशवी मांडीवर घेऊन, तेव्हा कुठे शिक्का मिळाला. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकटात तक्रार करता येते, ऑनलाइन पण होते. आईचं खातं झिरो बॅलन्सचं करून द्या असा अर्ज पण सोबत दिलाय, त्यात मिनिमम बॅलन्सची भानगडच नसते.

साहेब, एवढं एक करा, हा २०१४ चा नियम मराठीत चौकट करून एकदा छापा. गावागावांत दयानंदचे आणि गृहिणींसाठीच्या गृह आधार योजनेचे पैसे घेणाऱ्या कितीतरी बायका आहेत आणि त्यांची पासबुकं महिनोन्‌महिने कोणी भरून आणत नाही. आईने तर शेजारच्या काकींचं पासबुक आजच मागून आणलंय, उद्या त्यांचं भरून आणायचं म्हणते.

आपला,
एक वाचक, डिचोली