जुने अंदाज तपासायला शिकवणाऱ्या सरांचे आभार

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

गावच्या नळयोजनेचा आराखडा घेऊन मी मागच्या उन्हाळ्यात आपल्या वर्ध्याच्या घरी आले, तेव्हा त्यातली तीस वर्षांनंतरची लोकसंख्या खरी मानावी की नाही, एवढेच मला विचारायचे होते. आपण होय-नाही काहीच म्हणाला नाहीत. ज्यांची जनगणना होऊन गेली आहे असे जुने अंदाज आधी तपासू, असे म्हणून आपण माझ्यापुढे वही सरकवली.

वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १९९१ ते २००१ या दशकात सुमारे १५.९ टक्क्यांनी वाढून १२,३६,७३६ झाली होती. तोच दर पुढे चालवला, तर २०११ साली ती १४.३३ लाख व्हायला हवी होती. प्रत्यक्षात भरली १३,००,७७४. दहा टक्क्यांचा फरक दिसला तेव्हा माझेच गणित चुकले असे वाटून मी ते पुन्हा केले. आमच्या आराखड्यातही असाच जुना दर पुढे ओढलेला होता.

मग आपण देशाचा आकडा काढलात. २००१च्या जनगणनेवरून तज्ज्ञ गटाने २०११साठी ११९.२५ कोटींचा अंदाज केला होता आणि मोजणीत १२१.०९ कोटी निघाले, म्हणजे चूक जेमतेम दीड टक्क्याची. मी लगेच समाधान मानले असते, पण आपण बिहार आणि केरळ दाखवलेत: बिहारचा अंदाज बराच कमी पडला होता, केरळचा जास्त झाला होता. बेरजेत अशा चुका एकमेकींना खाऊन टाकतात, म्हणून अंदाज एकाच बाजूला झुकतो का हे पाहताना अधिक-उणे चिन्ह ठेवावे आणि चूक सरासरी किती हे पाहताना ते काढून टाकावे, हे मला त्या दिवशी उमगले.

गाव लहान असले की जन्म-मृत्यूंपेक्षा स्थलांतरच अंदाज उलटवते, हे आपले म्हणणे मी आशाताईंबरोबर घरोघर फिरून पाहिले. आमच्या एका गल्लीतच चार दारांना कुलूप होते. पोरे नागपूर-पुण्याला गेली आहेत आणि कापूस वेचणीच्या दिवसांतही परतत नाहीत. ही नोंद मी ग्रामसभेत वाचली आणि एका आकड्याऐवजी कमीत कमी व जास्तीत जास्त असे दोन अंदाज मागितले. ते मिळाले, सर. त्यासाठी मी आपली मनापासून ऋणी आहे.

वहीत तिसरा रकाना आखून ठेवला आहे. २०२७च्या जनगणनेचे गावनिहाय आकडे आले की तो भरून आपल्याकडे घेऊन येईन.

आपली नम्र,
एक ग्रामपंचायत सदस्य, वर्धा जिल्हा